हिवाळ्याच्या दस्तरखानावर ताज्या फळांची वाटी

हिवाळ्यातला रोजा लवकर सुटतो. डिसेंबर महिन्यात आमच्या रिठदला पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. मुले शाळेतून येतात, शेतावरची माणसे परततात, जनावरे गोठ्यात बांधायची असतात आणि तेवढ्यात इफ्तारची वेळ होते. उन्हाळ्यात दुपार सरता सरत नाही. हिवाळ्यात असर झाली की मगरिब दारातच उभी असते. या घाईत भजी तळता येतात, शरबत ढवळता येते. फळे मात्र घाईने चिरली की बिघडतात. फळांच्या एका वाटीवरून आमच्या घरात एकदा सर्वांच्या माना खाली गेल्या होत्या. तेव्हापासून आमच्याकडे फळे चिरण्याची एक रीत पडली. तीच आज वाचक भगिनींना सांगायची आहे.

रिठद हे वाशिम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यातले गाव. डिसेंबरात शेतात तूर शेंगांनी लगडलेली असते, हरभरा गुडघ्याला येत असतो आणि सकाळी तोंडातून वाफ निघते. गोष्ट डिसेंबर १९९९ मधली आहे. वाशिम जिल्हा अकोल्यापासून वेगळा होऊन जेमतेम दीड वर्ष झाले होते. रमजान ऐन थंडीत आला होता. आमच्या घराला लागून एका माळकरी आजींचे घर होते. दोन्ही घरांच्या मधली भिंत कमरेएवढी. त्या भिंतीवरून कढी, विरजण, लोणचे, तान्हे बाळ असे काहीही इकडून तिकडे जायचे. आजींच्या घरी मटण-मासळी शिजत नसे, त्यामुळे आमच्याकडून त्यांच्याकडे जायची ती फळे, खजूर आणि ईदच्या दिवशी दूध-शेवया.

नववा की दहावा रोजा असेल. अम्मीने इफ्तारसाठी फळे चिरली, पितळेची वाटी भरली आणि मला भिंतीपलीकडे पाठवले. आजींनी वाटी हातात घेतली, नाकाजवळ नेली आणि हळूच ओट्यावर ठेवून वर ताटली झाकली.

‘‘आज माही एकादस हाये पोरी. उद्या बारसीले खाईन,’’ त्या म्हणाल्या.

मी घरी येऊन तसेच सांगितले. अम्मी म्हणाली, ‘‘एकादशीला तर फळंच चालतात!’’ मग तिने विळीकडे पाहिले. त्याच विळीवर भज्यांचा कांदा चिरला होता आणि त्याच विळीवर, नुसती पुसून, पेरू आणि केळी. वाटीतल्या फळांना कांद्याचा वास होता. एकादशीला कांदा वर्ज्य. आजींनी आम्हाला वाईट वाटू नये म्हणून बारशीचे निमित्त काढले होते. चिरलेली केळी दुसऱ्या दिवसापर्यंत काय टिकणार? पहाटे सहरीला अम्मी उठली तेव्हा ती वाटी घासूनपुसून, त्यात मूठभर शेंगदाणे घालून, भिंतीवर ठेवलेली होती. रिकामी वाटी परत करायची नाही, ही त्यांच्या घरची रीत.

अम्मी त्या दिवशी फार कमी बोलली. आठवडी बाजारातून तिने एक सुरी आणि लाकडी पाट आणला. दोन्हीला लाल दोरा बांधला आणि फडताळात सर्वांत वर ठेवले. ‘‘ही फळांची. हिला कांदा, लसूण, गोश्त लावायचं नाही,’’ एवढेच तिने सर्वांना बजावले.

दोन्ही घरांचा चंद्र एकच

एकादशी आणि रोजा एकाच दिवशी येणे हा योगायोग आहे असे मला तेव्हा वाटले होते. तसे नाही. हिजरी महिना चंद्रकोर दिसल्यावर सुरू होतो आणि मराठी महिन्याचा शुक्ल पक्षही त्याच अमावास्येनंतर सुरू होतो. चंद्र साधारण द्वितीयेच्या आसपास दिसतो. म्हणून प्रत्येक रमजानात नवव्या किंवा दहाव्या रोज्याच्या सुमारास एक एकादशी येतेच आणि आणखी पंधरा दिवसांनी दुसरी. २०२४ मध्ये आपल्याकडे पहिला रोजा १२ मार्चला होता आणि आमलकी एकादशी २० मार्चला. २०२५ मध्ये पहिला रोजा २ मार्चला, एकादशी १० मार्चला. दोन्ही वर्षी नववा रोजा. म्हणजे शेजारी वारकरी घर असेल तर रमजानातल्या दोन संध्याकाळी दोन्ही घरी उपवास असतो आणि दोन्ही घरी चालेल असा एकच पदार्थ असतो, तो म्हणजे फळे. मराठीतला ‘फराळ’ हा शब्दही मुळात फलाहारातून आलेला आहे.

हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. त्यामुळे रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो आणि सुमारे तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंची फेरी पूर्ण करतो. आता तो पुन्हा थंडीकडे चालला आहे. २०३० या एका वर्षात तर रमजान दोनदा सुरू होईल, एकदा जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस. त्या वर्षीची ईद-उल-फित्र फेब्रुवारीच्या सुरुवातीला येईल. म्हणजे पुढची काही वर्षे इफ्तार आणि ईदच्या दस्तरखानावर हिवाळ्याची फळे असणार आहेत. आंबा नाही, टरबूज नाही. मग काय आहे? पुष्कळ काही आहे.

हिवाळ्याची टोपली

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपल्या गावाकडच्या लग्नांत ‘फ्रूट सॅलड’ म्हटले की दुधात कस्टर्ड पावडर शिजवून त्यात फळे घातलेला गोड पदार्थ समोर येतो. तो चांगला असतो, पण त्यात संत्रे टाकले की आंबटपणामुळे दूध फाटू शकते आणि कच्चा अननस टाकला तर दूध कडवट होते. साखर तर भरपूर पडतेच. ईदला दुधाचा शीरखुर्मा असतोच. त्याच्या जोडीला दुसरा दुधाचा पदार्थ कशाला? आपण बोलतो आहोत ते नुसत्या ताज्या फळांबद्दल.

संत्रे हा आपल्या भागाचा मान. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या जिल्ह्यातही मंगरुळपीर, कारंजा या भागांत संत्र्याच्या बागा आहेत. आंबिया बहाराची फळे ऑक्टोबर ते डिसेंबरात येतात आणि मृग बहाराची फेब्रुवारीपासून पुढे. म्हणजे हिवाळ्याच्या दोन्ही टोकांना संत्रे हाताशी असते. घेताना आकार पाहू नका, वजन पाहा. हातात जड लागणारे फळ रसदार असते. व्यापारी मोठी फळे निवडून बाहेर पाठवतात आणि लहान फळे स्थानिक बाजारात स्वस्त मिळतात. वाटीत घालायला ती उत्तम. चवीत काही कमी नसते आणि पैसा आपल्याच भागातल्या शेतकऱ्याकडे जातो.

पेरूला आपण गरिबाचे फळ म्हणून मागे ठेवतो आणि लांबून आलेले सफरचंद पाहुण्यांपुढे करतो. ‘क’ जीवनसत्त्वाचा हिशेब मांडला तर १०० ग्रॅम पेरूत ते सुमारे २०० मिलिग्रॅम असते, तेवढ्याच संत्र्यात ३० ते ५० मिलिग्रॅम आणि सफरचंदात त्याहून कितीतरी कमी. पेरू किंचित पिवळसर, पण बोटाने दाबल्यावर घट्ट लागणारा घ्यावा. फार पिकलेला पेरू वाटीत चिखल करतो.

पपई वर्षभर मिळते. दात नसलेल्या माणसासाठी तिच्यासारखे फळ नाही. केळी जळगावची किंवा नांदेडकडच्या अर्धापूरची असतात. डाळिंब असेल तर वाटीला रंग येतो. जानेवारीपासून नाशिकची द्राक्षे येऊ लागतात. चिकूही याच दिवसांत चांगला मिळतो. बोरे मात्र वाटीत घालू नका. बी असते आणि अंधारात मुलांच्या घशात अडकायची भीती. ती वेगळ्या ताटलीत ठेवा. एखादा आवळा किसून घातला तर थंडीतली चव येते. त्याहून जास्त घातला तर तुरटपणा इतर फळांवर चढतो.

आठ माणसांसाठी प्रमाण

संत्री ४ मध्यम, पेरू २ मोठे, पिकलेली पपई अर्धी, केळी ३, डाळिंब १, सफरचंद १ (नसले तरी चालेल), बी काढलेले खजूर ६, एका लिंबाचा रस. वरून घालायला भाजलेल्या जिऱ्याची पूड पाऊण चमचा, काळे मीठ पाव चमचा आणि मिरपूड चिमूटभर. साखर नाही. गोडीसाठी खजूर आहेत.

कापण्याचा क्रम

सगळी गंमत क्रमात आहे. फळ चिरले की त्याचा आतला भाग हवेला उघडा पडतो. केळी, सफरचंद आणि पेरू यांच्या पेशींतला एक घटक हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून फळ काळपट करतो. आंबट रस लावला की हे काम मंदावते. लिंबू चवीइतकेच रंगासाठीही लागते. दुसरी गोष्ट मीठ आणि साखरेची. दोन्ही फळातले पाणी बाहेर ओढतात. तासभर आधी मीठ-साखर घालून ठेवलेल्या पातेल्यात तळाशी पाणी साचते आणि फळे लुळी पडतात, ती यामुळेच. तिसरी गोष्ट संत्र्याची. त्याची बी चिरली गेली किंवा पांढऱ्या शिरा राहिल्या आणि फळ तसेच रसात पडून राहिले, तर थोड्या वेळाने कडवटपणा येतो.

म्हणून आमच्या घरी असे चालते:

असरच्या आधी सगळी फळे सालीसकट वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावीत. पपई आणि संत्रेसुद्धा. साल काढूनच टाकायची असली तरी सुरी सालीतूनच आत जाते आणि सालीवरची घाण सोबत नेते. धुतलेली फळे स्वच्छ फडक्याने कोरडी करावीत.

मग डाळिंबाचे दाणे काढावेत आणि खजुराचे बारीक तुकडे करावेत. ही दोन कामे आधी करून झाकून ठेवली तरी काही बिघडत नाही. लहान मुलांना ही कामे आवडतात; दाणे वाटीत किती आणि तोंडात किती, हे मात्र रोजा नसलेल्या मुलांवर अवलंबून!

इफ्तारला अर्धा तास उरला की पपई चिरावी. नंतर संत्री सोलून, शिरा आणि बिया काढून, फाकांचे दोन-दोन तुकडे करावेत. मग पेरू. ज्यांना बिया लागतात त्यांच्यासाठी मधला गर चमच्याने काढून घ्यावा.

शेवटच्या दहा मिनिटांत सफरचंद आणि केळी चिरून लगेच लिंबाचा रस लावावा आणि हलक्या हाताने सगळे एकत्र करावे. चमच्याने ढवळू नये, पातेले दोन्ही हातांनी धरून उडवावे.

मसाला पातेल्यात घालूच नये. तो वेगळ्या छोट्या वाटीत ठेवावा आणि ज्याने त्याने आपल्या वाटीवर भुरभुरावा. यामागे चवीशिवाय आणखी एक कारण आहे. बाजारच्या चाट मसाल्यात हिंग, धने आणि इतर बरेच काही असते. उपवासाला कुणाच्या घरी जिरे चालते, कुणाच्या नाही. कुणी साधे मीठ खातात, कुणी सैंधवच खातात. ज्याच्या त्याच्या घरची रीत वेगळी. मसाला नसलेली वाटी सर्वांकडे जाऊ शकते.

चिरलेली फळे हिवाळ्यातही दोन तासांपेक्षा जास्त उघड्यावर ठेवू नयेत. उरलीच तर झाकून फ्रिजमध्ये ठेवावीत आणि सहरीला संपवावीत. त्यापुढे ठेवू नयेत.

सुरी वेगळी का?

आमची गोष्ट कांद्याच्या वासाची होती, पण ईदच्या आणि विशेषतः बकरी ईदच्या स्वयंपाकघरात प्रश्न वासापेक्षा मोठा असतो. कच्च्या मांसावर असलेले जंतू शिजवल्यावर मरतात. फळे आपण शिजवत नाही. मांस कापलेल्या सुरीने किंवा त्याच पाटावर फळ चिरले तर ते जंतू थेट पोटात जातात. ईदनंतर मुलांना जुलाब झाले की दोष मटणाला किंवा थंडीला दिला जातो. कधी कधी कारण फळांची वाटी असू शकते, हे लक्षात येत नाही. म्हणून सुरी, पाट आणि फडके वेगळे हवे. शक्य असेल तर फळांचे काम मांसाचे काम सुरू होण्याआधी उरकावे आणि मध्ये हात साबणाने धुवावेत. खर्च शंभर-दीडशे रुपयांचा, तोही एकदाच.

कुणाच्या वाटीत काय?

एकाच पातेल्यातून सगळ्यांना सारखे वाढले की कुणाचे तरी चुकते. घरातल्या माणसांकडे पाहून वाटी भरावी.

ज्यांना मधुमेह आहे त्यांच्या वाटीत पेरू, पपई, संत्र्याच्या फाका जास्त. केळी, चिकू, द्राक्षे आणि खजूर कमी. वाटी लहान असावी. फळाचा रस काढून देऊ नये. रसात चोथा राहत नाही आणि साखर रक्तात झपाट्याने चढते. एका पेल्यात तीन-चार संत्री कधी गेली ते कळतही नाही. मधुमेहाच्या रुग्णाने रोजे ठेवावेत की नाही, औषधांच्या वेळा कशा बदलाव्यात, हे रमजान सुरू होण्याआधीच डॉक्टरांना विचारून घ्यावे.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना फळे नेहमीच चांगली असे नाही. केळी आणि संत्र्यातले पोटॅशियम त्यांना अपायकारक ठरू शकते. डायलिसिस चालू असलेल्या माणसाला आग्रह करून फळ खाऊ घालणे ही माया नव्हे. त्यांना डॉक्टरांनी सांगितलेली फळेच, सांगितलेल्या प्रमाणात द्यावीत.

दादी-नानींच्या वाटीत पपई, केळी आणि पांढरी साल काढलेले संत्रे. पेरू खावासा वाटला तर बिया काढून किसून द्यावा. अगदी लहान मुलांसाठी द्राक्षे उभी चिरावीत. अख्खे द्राक्ष घशात अडकते.

आणि चिरणारीची वाटी? हा प्रश्न मी फार उशिरा विचारला. आमच्याकडे मोठे पातेले मध्ये ठेवले जायचे. आधी पुरुष, मग मुले, मग पाहुणे. अम्मी आणि चाची भजी तळून येईपर्यंत तळाशी केळ्याचा लगदा आणि थोडे पाणी उरलेले असायचे. दिवसभर रोजा त्यांचाही असायचा. आता माझ्या घरी पातेले मध्ये जात नाही. वाट्या आधीच भरल्या जातात आणि पहिली वाटी चिरणारीची बाजूला निघते. ईदच्या दिवशीही फळे पुलावानंतर ठेवत नाही. तोवर पोटात जागा उरत नाही आणि फळे तशीच पडून राहतात. आधी फळांच्या वाट्या, मग जेवण, शेवटी शीरखुर्मा.

भिंतीवरची वाटी

त्या रमजानातली दुसरी एकादशी जानेवारी २००० मध्ये, ईदच्या आठवडाभर आधी आली. अम्मीने दुपारीच मला भिंतीपलीकडे पाठवले. ‘‘आजींना विचार, जिरं चालतं का? मीठ कोणतं?’’ आजी म्हणाल्या, ‘‘जिरं नको, मीठबी नको. नुसती फळं दे म्हनाव. अन् पेरू बारीक कर म्हना, दात नाहीत मले.’’

अम्मीने लाल दोऱ्याची सुरी काढली. पपई, संत्रे, बिया काढून किसलेला पेरू आणि वर डाळिंबाचे दाणे. या वेळी वाटी घेऊन ती स्वतः गेली. आजींनी वाटी हातात घेतली, नाकाजवळ नेली आणि तिथेच ओट्यावर बसून खायला सुरुवात केली. दोन घास खाल्ल्यावर त्यांना एकदम आठवले की अम्मीचा रोजा अजून सुटायचा आहे. त्यांनी वाटी खाली ठेवली.

‘‘तुही वेळ होऊ दे वो. मंग दोघी खाऊ,’’ त्या म्हणाल्या.

अजान होईपर्यंत दोघी ओट्यावर बसून राहिल्या. मी घरून खजूर आणि दुसरी वाटी आणून दिली. दुसऱ्या दिवशी पहाटे भिंतीवर वाटी होती आणि तिच्यात ओल्या तुरीच्या शेंगा होत्या.

आजी आता नाहीत. मधली भिंतही उंच झाली आहे, दोन्ही घरे पक्की बांधली तेव्हा. वाटी आता दारातून जाते. त्यांच्या नातसुनेला मी रमजान सुरू झाला की एकादशीच्या तारखा विचारून ठेवते आणि ती कॅलेंडरवर खूण करून ठेवते. लाकडी पाट झिजला म्हणून बदलला. सुरीची मूठ दोनदा नवी बसवली. लाल दोरा दरवर्षी नवा बांधते.